हॅस्किन आणि ट्रेम्बाथ यांची जोडी

राजधानी, मंगळवार, दुपारचे चार

प्रिय थर्झा,

हे पत्र बसून वाच. दार लावून घे, दिवा जवळ ओढ आणि मगच पाकीट फोड. रेल्वेचे गार्ड मिस्टर क्लेम्सन ते तुझ्याच हातात देतील, दुसऱ्या कुणाच्या नाही, असं मी त्यांच्याकडून वदवून घेतलं आहे. टपालात टाकायचा धीर झाला नाही, आणि तार तर नाहीच. इथला तारमास्तर कुणाचं मीठ खातो ते सगळ्या शहराला ठाऊक आहे.

तुझ्या मागच्या पत्राला उत्तर द्यायचं राहिलं. वडील कसे आहेत आणि आई का लिहीत नाही, असं तू विचारलं होतंस. त्याचंच उत्तर द्यायला बसले आहे, पण मला माझ्या वाटेने येऊ दे. तीस वर्षं फळ्यासमोर बोलले, दहा वर्षं व्यासपीठावर. चार हजार माणसांपुढे खाणमालकांची नावं एकेक करून घेतली, तेव्हा जीभ अडखळली नाही. आज एका मुलीला लिहिताना तिसऱ्यांदा कागद फाडला आहे. समोरच्या खोगीरवाल्याच्या छपराखाली एक माणूस तासभर उभा आहे. त्याला खोगीर घ्यायचं नाही. तो माझ्या खिडकीकडे बघतो आणि मी पडद्याच्या फटीतून त्याच्याकडे बघते.

तुला आठवतं का, रेड लेजला माझ्या घरी तू चार हिवाळे काढलेस? वाट बर्फाने बंद झाली की तुमच्या गुरांच्या रँचवरून रोज शाळेत येणं शक्य नसायचं. मग तुझे वडील तुला नोव्हेंबरात सोडून जायचे आणि मार्चात न्यायला यायचे. येताना घोड्यावर अर्धं वासरू लादून आणायचे, आणि दारातच आमचं भांडण जुंपायचं. "मास्तरीणबाई, पोरीला लिहायला-वाचायला शिकवा म्हटलं होतं, बंड करायला नाही!" मी म्हणायचे, "हॅस्किनसाहेब, दोन्ही एकाच पुस्तकात येतं, मी काय करू?" मग ते माझ्या केशरी पावाचे तीन तुकडे खायचे आणि खाताना मला सांगायचे की माझ्या पक्षाच्या हाती राज्य गेलं तर गाईसुद्धा संप करतील. तू टेबलाखाली बसून हसायचीस. त्यांच्याइतका अडेलतट्टू विरोधक मला दुसरा मिळाला नाही, आणि इतका सरळही.

जानेवारीत आम्ही दोघं विधिमंडळाच्या पायऱ्या एकदमच चढलो. मी रेड लेजच्या खाणकामगारांची प्रतिनिधी, ते नदीकाठच्या गुरेवाल्यांचे. मला बघून त्यांनी टोपी काढली आणि म्हणाले, "या बाई. वर्गात पोरं जास्त आहेत आणि सगळी नापास व्हायच्या लायकीची आहेत."

काम कोणतं होतं ते तुला ठाऊकच आहे. आपला सिनेटर शरद ऋतूत वारला. विधिमंडळ तेव्हा बसलेलं नव्हतं, म्हणून राज्यपालांनी तात्पुरता म्हणून ग्रॅनिसला वॉशिंग्टनला पाठवला. खाण कंपनीचा वकील आपल्या राज्याच्या नावाने सिनेटमध्ये जाऊन बसला. पण तात्पुरता म्हणजे आम्ही बसून निवड करेपर्यंत. आमच्या बाजूला न्यायाधीश एकलुंड, त्यांच्या बाजूला ग्रॅनिस. रोज दुपारी बाराला दोन्ही सभागृहं एकत्र बसतात, नावं पुकारली जातात, प्रत्येकाने उभं राहून आपला माणूस सांगायचा. नव्वद माणसं, पंचेचाळीस इकडे, पंचेचाळीस तिकडे. रोज बाराला तेच, आणि रोज एक वाजता आम्ही हात हलवत जेवायला. राज्यघटनेने आम्हाला साठ दिवस दिले आहेत आणि उद्याचा साठावा. उद्याही निवड झाली नाही तर ती जागा दोन वर्षं रिकामी राहील, कारण विधिमंडळाने संधी घालवली की राज्यपालाला पुन्हा कुणाला नेमता येत नाही. कंपनीला ते चालेल. रिकामी खुर्ची खाणीत तपासनीस पाठवायच्या कायद्याला मत देत नाही. एकलुंड देईल. गेल्या वर्षी रेड लेजच्या खाणीच्या तिसऱ्या विवरात एकतीस माणसं गुदमरून मेली. त्यांतल्या नऊ जणांना मी मुळाक्षरं शिकवली होती. मी निवडून आले ती याचसाठी.

तुझे वडील ग्रॅनिसच्या बाजूने का, असं तू एकदा रागाने लिहिलं होतंस. मीही त्यांना विचारलं. म्हणाले, "तो माणूस माझ्या टेबलावर जेवायला बसला तर मी चमचे मोजून ठेवीन. पण जिल्ह्याच्या सभेत मी शब्द दिला बाई, आणि जिल्ह्याने त्यावर मला मत दिलं. आता तोंड फिरवू कुठे?" ते मला पटलं. मी स्वतः शब्दावर जगणारी बाई.

बारा फेब्रुवारीला ते सभागृहात खोकत आले आणि दुसऱ्या दिवशी उठलेच नाहीत. छातीत न्यूमोनिया. तुझी आई मर्सी रँचवरून आली आणि मिसेस बोहानच्या खाणावळीत, वरच्या खोलीत त्यांच्या उशाशी बसली. त्याच सकाळी, सभा भरायच्या आत, मी गेले. ते म्हणाले, "मास्तरीणबाई, मी इथे पडलो आणि तुम्ही तिथे मत दिलंत तर आज बारालाच तुमचा एकलुंड निवडून येईल. माझ्या जिल्ह्याला मी काय सांगू, ताप आला होता म्हणून?" त्यांच्या डोळ्यांत खरंच भीती होती, मरणाची नव्हे, शब्द मोडण्याची. मग मी त्यांच्याशी जोडी लावली. जुनी रीत आहे ही. एका बाजूचा माणूस आजारी पडला की दुसऱ्या बाजूचा एक जण आपणहून मत देत नाही, म्हणजे तराजू सरळ राहतो. कागद नाही, सही नाही. फक्त हातात हात. मी म्हटलं, "तुमचा आजार असेपर्यंत." त्यांचा हात भट्टीसारखा तापला होता.

तिथेच मी चूक केली. मुरलेल्या सदस्याने तारीख घातली असती. आठ दिवस, दहा दिवस, पुढे बघू. मी तारीख घातली नाही. आमच्या बाजूचा पुढारी डनलीवी बैठकीत टेबलावर मूठ आपटून ओरडला, "अहो बाई, जोडीला मुदत असते एवढंही ठाऊक नाही? तुमचा शब्द काचेच्या कपाटात ठेवा आणि आम्हाला मत द्या! एकतीस माणसं मेली तेव्हा व्यासपीठावर गर्जत होतात, आता एका गुरेवाल्यासाठी मुकी झालात?" मी म्हटलं, "मिस्टर डनलीवी, एका गुरेवाल्याला दिलेला शब्द मी मोडला तर एकतीस विधवांना दिलेल्या शब्दाला कोण विचारेल?" टाळ्या पडल्या. टाळ्या मला सहज मिळतात. पण त्या रात्री मला झोप आली नाही.

तेव्हापासून रोज माझं नाव पुकारलं की मी उभी राहते आणि म्हणते, "नदीकाठच्या जिल्ह्याचे सदस्य मिस्टर हॅस्किन यांच्याशी माझी जोडी आहे. ते इथे असते तर त्यांनी मिस्टर ग्रॅनिस यांना मत दिलं असतं, आणि मी न्यायाधीश एकलुंड यांना." आणि खाली बसते. चव्वेचाळीस आणि चव्वेचाळीस. आमच्या बाकांवरची माणसं समोरच्या कागदांत तोंड घालतात. त्यांच्या बाकांवरून स्टॉडर्ड, त्यांचा म्होरक्या, मान लववून माझे आभार मानल्यासारखं करतो. 

भीतीचं सांगते, कारण तुझ्यापासून मी कधी काही लपवलं नाही. गेल्या गुरुवारी कुणीतरी माझ्या खोलीच्या धुराड्यात ओलं गोणपाट कोंबलं. घरमालकिणीला धुराचा वास आला म्हणून आज हे लिहिते आहे. ते कुणी केलं ते मला कळलेलं नाही. कंपनीच्या माणसांनी मला ही जोडी सोडू नये म्हणून, की आमच्याच माणसांनी सोडावी म्हणून? ज्या लढाईत दोन्हीकडून पाठीत सुरा येऊ शकतो, तिथे भिंतीला पाठ टेकूनही उभं राहता येत नाही. रेड लेजला कामगारांपुढे कंपनीच्या बंदुकवाल्यांना मी तोंडावर "भाडोत्री" म्हटलं होतं. तेव्हा भोवती हजार माणसं होती. इथे माझ्या भोवती एक खुर्ची, एक शेगडी आणि एक पडदा आहे.

शुक्रवारपर्यंत मी रोज खाणावळीत सूप घेऊन जायचे. शनिवारी जिन्याच्या तोंडाशी दोन माणसं खुर्च्या टाकून बसलेली. "डॉक्टरांचा हुकूम आहे बाई. पेशंटला बोलायची दगदग नको." कोणते डॉक्टर? कंपनीचे. रोज सकाळी त्यांची चिठ्ठी सभागृहात कारकुनाच्या टेबलावर येते आणि मोठ्याने वाचली जाते. रविवारी, "मिस्टर हॅस्किन यांना शांत झोप लागली." सोमवारी, "ज्वराला उतार." आज सकाळी, "प्रकृतीत सुधारणा. कॉफी घेतली." आमच्याकडची माणसं टाळ्या वाजवतात, त्यांच्याकडचीही. मी आज सगळ्यात जोरात वाजवल्या.

मग दुपारी बाराला मी उभी राहिले आणि म्हटलं, ते इथे असते तर.

एक वाजता बाहेर पडले. पाय आपोआप खाणावळीकडे वळले. आत सोडणार नाहीत हे ठाऊक होतं. नुसतं खालून वर बघावं म्हटलं. थर्झा, बाहेर इतकी थंडी होती की घोड्यांच्या मिशांना बर्फ लागला होता. आणि त्यांच्या खोलीची खिडकी सताड उघडी होती. दोन्ही झडपा. वरच्या धुराड्यातून धूर नव्हता. शेजारच्या सगळ्या धुराड्यांतून होता, त्या एका नव्हता. छातीत न्यूमोनिया झालेल्या माणसाच्या खोलीत मार्चच्या थंडीत शेगडी विझवून खिडकी कोण उघडतं? मी रस्त्यात उभी राहिले आणि मला कळलं. मोठ्या माणसांना सगळं ठरवता येतं, चिठ्ठ्या लिहिता येतात, जिन्यावर पहारे बसवता येतात. खोली गार ठेवावी लागते, ती मात्र रस्त्यावरून दिसते.

मी आडवळणाने आले, मला क्षमा कर. तुझे वडील आज पहाटे पाच वाजता गेले.

मिसेस बोहानने मला मागच्या दाराने, स्वयंपाकघरातून वर सोडलं. ती बिचारी सारखी छातीवर क्रूसाची खूण करत होती आणि म्हणत होती, "माझ्या घरात असं कधी झालं नाही हो, मेलेल्याची कॉफी मी रोजच्यासारखी वर पाठवली, त्यांनी तसं सांगितलं!" तुझी आई अंगात कोट आणि डोक्यावर शाल घालून पलंगाशी बसली होती. ते नीट निजले होते. दाढी तिने विंचरली होती. चेहऱ्यावर त्रास नव्हता, हे मी तुला बरं वाटावं म्हणून लिहीत नाही, खरंच नव्हता. मर्सी म्हणाली, "स्टॉडर्ड स्वतः आला. फार गोड बोलला. म्हणाला, फक्त उद्या दुपारपर्यंत, मर्सी. एक दिवस. तुमच्या ओबेदला आता काय फरक पडतो? मग खास गाडीने घरी नेऊ, अख्खा जिल्हा येईल. आणि जाताना दारातून म्हणाला, तुमच्या कालव्याला पाणी आमच्या बांधातून येतं, नाही का?" मी तिला जवळ घेतलं. तिच्या कोटाची बटणंसुद्धा बर्फासारखी झाली होती.

जोडी जिवंत माणसाशी असते, थर्झा. तो गेला की ती सुटते, माझं मत मोकळं होतं, पंचेचाळीस विरुद्ध चव्वेचाळीस, आणि एकलुंड सिनेटर. म्हणून ते त्यांना उद्या एक वाजेपर्यंत मरू देत नाहीत. साठ वर्षं ज्या माणसाने कुणाला फसवलं नाही, त्याच्या प्रेताकडून ते फसवणूक करून घेत आहेत. हे मी व्यासपीठावरून बोलले असते तर छत हललं असतं. पण तुला जे सांगायचं ते व्यासपीठावरचं नाही. मी त्या खोलीत पाऊल टाकलं, त्यांना पाहिलं, आणि माझ्या मनात पहिली गोष्ट आली ती म्हणजे पंचेचाळीस. ओबेद नाही, तू नाहीस, तुझी आई नाही. आकडा. रडू नंतर आलं. मला स्टॉडर्डची भीती वाटते, त्या छपराखालच्या माणसाची वाटते, पण तेवढ्या एका क्षणाची वाटते तेवढी कशाचीच नाही. कारण स्टॉडर्डच्या मनातही नेमका हाच आकडा होता.

डनलीवीला मी अजून सांगितलेलं नाही. सांगितलं तर तासाभरात बँड घेऊन खाणावळीवर मोर्चा जाईल आणि तुझ्या वडिलांना विधिमंडळाच्या पायऱ्यांवर आणून ठेवतील. आणि मी एकटी उद्या उठून बोलले तर अध्यक्ष त्यांचा, डॉक्टर त्यांचा, चिठ्ठी त्यांची. खोटारडी म्हणून मला खाली बसवतील, चौकशीला समिती नेमतील, आणि समिती जिना चढेपर्यंत साठावा दिवस संपलेला असेल. त्यांनी रक्ताच्या माणसाचा शब्द ऐकल्याशिवाय माझ्या शब्दाला किंमत नाही. मर्सीला मी हे सगळं सांगितलं. तिने त्यांचा हात चादरीखाली सरकवला. मग म्हणाली, "बाई, मला विचारू नका. मला आता काही सुचत नाही. त्यांनी शब्द दिला होता एवढंच मला कळतं, पण तो शब्द त्यांच्याबरोबर गेला की मागे राहिला ते कळत नाही. थर्झाला विचारा. त्यांनी तिला तुमच्याकडे शिकायला ठेवली ती उगीच नाही."

म्हणून हे पत्र. मी तुला विचारते आहे. सकाळी सातची गाडी दहाला इथे पोचते. आधी आईकडे जा, मागच्या दाराने. त्यांना बघ, हवा तेवढा वेळ त्यांच्यापाशी बस. मग तुला वाटलं तर बाराला सभागृहाच्या गॅलरीत ये, आणि हॅस्किन हे नाव पुकारलं की उभी राहून सांग की ते गेले. प्रेक्षकांना बोलायला मनाई आहे, तुला ओढून बाहेर काढतील. काढू देत. ऐकायला एकोणनव्वद माणसं असतील, आणि त्यांच्या बाकांवरचे दोघे-तिघे तुझ्या वडिलांबरोबर गुरं हाकत म्हातारे झाले आहेत. ते तुला खोटं म्हणणार नाहीत. तू आली नाहीस तर मी रोजचं वाक्य म्हणून खाली बसेन आणि तुला कधी एका शब्दाने विचारणार नाही. रेड लेजच्या माणसांचं ओझं मी तुझ्या डोक्यावर ठेवत नाही. ठेवलंत की बाई, असं म्हणशील, आणि ते खरं आहे. ती जागा कुणाला मिळावी हे मला ठाऊक आहे. तुझ्या वडिलांचं मरण कुणी जाहीर करावं हे मात्र माझ्या हातात नाही. आणि पोरी, आलीस तर काळे कपडे घालून येऊ नकोस. स्टेशनवर त्यांची माणसं असतील. त्यांच्या लेखी तुझे वडील अजून जिवंत आहेत.

तुझीच बाई,
ऑगस्टा ट्रेम्बाथ